रंगूनची इंग्रजी

या, असे पुढे सरका. मागे बसून हे नीट ऐकू यायचे नाही. कीर्तनातले आख्यान नव्हे, पण त्याच गोत्रातली एक गोष्ट सांगतो.

शरयूने पुस्तक मिटून टेबलावर ठेवले. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या जागेसाठी तिने एक उतारा वाचून दाखवला होता. समोर हेडमास्तर विष्णुपंत बसले होते. शेजारी शाळेच्या कमिटीवरचे लालासाहेब, आफ्रिकेच्या आघाडीवरून पायात गोळी घेऊन परतलेले सुभेदार.

"वाचलंत सगळं," विष्णुपंत म्हणाले, "पण शब्दांची शेपटं कुठं सांडलीत?"

शरयूच्या इंग्रजीत शब्दाचा शेवटचा उच्चार ओठांपाशी येऊन विरून जाई आणि वाक्य पायऱ्यांवरून चालल्यासारखे वरखाली होई. ती वाढली त्या रंगूनमध्ये त्यावर कुणी हसले नव्हते. जपानी बाँब पडू लागले तेव्हा आईवडिलांबरोबर ती डोंगर ओलांडून पायी निघाली; वडील वाटेतच वारले. वाईला मामांनी आसरा दिला होता, पण अलीकडे ताटे वाढताना मामी बोलू लागल्या होत्या. ही जागा हवीच होती.

"मला तर लय ग्वाड वाटलं," लालासाहेब म्हणाले. "आवं पंत, आमच्या शेजारी स्कॉच पलटण हुती. त्यांचं बोलणं लंडनच्या सायबालाबी कळत न्हवतं. ऑस्ट्रेलियाची पोरं नाकातनं बोलायची. आन् मिरजेच्या दवाखान्यातला अमेरिकन डाक्टर, त्यो तर तोंडात सुपारी धरल्यागत बोलतोय. समदी इंग्रजीच की ती."

"छावणीत चालतं, लालासाहेब. शाळेत एकच इंग्रजी. विलायतेची."

"तुमी कवा गेलता विलायतेला?"

विष्णुपंतांनी उपरणे सारखे केले. पुण्यात ते एका गोऱ्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकले होते आणि प्रोफेसरांचे उच्चार देवघरातल्या टाकांसारखे घासूनपुसून ठेवत. त्यांनी पुस्तक उघडले, सुरुवातीच्या ओळी स्वतः वाचल्या, एकेक अक्षर तोलून.

"आता असं वाचा."

शरयूने वाचले. हुबेहूब. शेवटचा ट, शेवटचा ड, सगळे जागच्या जागी. पंत मध्येच घेत तो श्वाससुद्धा. लालासाहेब मिशीत हसले.

"येतंय की तुम्हाला," पंतांचा चेहरा उजळला. "मग असंच शिकवायचं. ते ब्रह्मदेशी वळण टाकून द्यायचं. कबूल असेल तर जागा तुमची."

शरयूने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. बाहेर ओट्यावर तिची आई बसली होती.

"तुमच्यासमोर वाचेन तसं," ती म्हणाली. "वर्गात मात्र तोंडात तेच येईल. आत्ता कबूल केलं तर ते खोटं होईल."

"एवढं पक्कं कुणी शिकवलं?"

शरयूचा हात कानाच्या पाळीला गेला.

"सयामा खिन यांनी. सयामा म्हणजे तिकडे बाई. त्या तिथल्याच, ब्रह्मी. शाळेवर बाँब पडला तेव्हा मुलींना बाहेर काढता काढता त्या गेल्या. आता त्यांचं असं कुठं काही उरलं नाही."

कानाला हात लावून गुरूचे नाव घेणारे बुवा विष्णुपंतांनी जन्मभर ऐकले होते. त्यांतल्या एकाच्या गुरूंना दमा होता. शिष्याची छाती ठणठणीत. तरी अभंगात गुरूंना जिथे धाप लागे, तिथे तोही थांबे. त्या थांबण्यालाच मंडळी माना डोलवत. पंतही डोलवत.



"मंगळवारपासून आठवीचा वर्ग घ्या," ते म्हणाले.

"आन् शेपटं?" लालासाहेबांनी विचारले.

पंतांनी पुस्तक शरयूपुढे सरकवले.

"पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचलंत तसं."

कीर्तनाला बसताना काढावेत तसे टेबलाखाली त्यांनी आपले पाय हळूच वहाणांतून बाहेर काढले. लालासाहेबांनी ते पाहिले, आणि तेही बुटाची नाडी सोडायला वाकले.

तर मंडळी, घरी गेल्यावर देवापाशी आपल्या माणसांची नावे घ्यालच. त्यांत सयामा खिन हे एक असू द्या.