लांबचं घर

...अर्धा कापलेला बटाटा, त्यावर कोरलेलं एवढंसं घर, आणि कडेनं ओघळणारी नीळ — धोतरांना घालायची नीळ नातवंडांनी वाटीत कालवली होती, आणि गंगाबाई ओरडल्या नव्हत्या. एरवी रामघाटावर त्यांच्या जिभेपुढे भटजीसुद्धा मंत्र विसरत. पण आज बकुळ जायची होती. शरदिनी, त्यांची लेक, गेली तेव्हा ही पोर ओंजळीत मावत होती. वाढवली, बोलती केली, आणि आता जावई दुसरं लग्न करून ग्वाल्हेरहून आले, माडीवर चहा पीत म्हणाले, ‘माझी मुलगी न्यायला आलोय.’ माझी! हिला दात येत होते तेव्हा कुठे होता हा माझीवाला... जाऊ दे.

बकुळनं ठसा एकदा बुडवून तीनदा उठवला. पहिलं घर गडद, दुसरं उतरलेलं, तिसरं धुक्यात गेल्यासारखं.

“कंजूषपणा बापाच्या घरी जाऊन कर,” म्हणत गंगाबाईंनी ठसा हिसकला, निळीत बुचकळला आणि त्या फिक्या घरांवर दाबला — मनगट दुखेस्तोवर.

“आजी, अरे नहीं!”

“मराठीत रड.”

“ती लांबची होती गं! शाळेतल्या बाईंनी शिकवलंय, जवळचं गडद, लांबचं फिकं. आता सगळी घरं एकाच जागी आली.”

मामाचा ढुंढिराज खिदळला. “आजीला लांबचं चालतच नाही!”

“तुझा कान जवळ आहे, तो चालेल,” त्या म्हणाल्या खऱ्या, पण... सगळी एकाच जागी — मग विश्वनाथाकडे दुसरं मागितलं काय होतं आपण?

बकुळनं नवा कागद घेतला. ठसा न बुडवताच हलकेच टेकवला. घर उठलं, न उठल्यासारखं.

“हे कुणाचं?”

“आपलं. आगगाडी नदीच्या पुलावर आली की एवढंच दिसेल ना?”

म्हणजे पोर पुलावर पोचलीसुद्धा. इथं मांडीला मांडी लावून बसलेली, परकराला नीळ फासलेली, आणि तिथून मागे वळून बघत होती. बघत राहायचं ते मागे उरणाऱ्यानं, असंच धरून चालल्या होत्या त्या. कुणी आपल्यालाही दुरून, डोळे बारीक करकरून शोधील — हे कधी मनातच आलं नव्हतं.

माडीवरून हाक आली, “बकुळ!”

‘दाब, जोरानं दाब’ — ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. पुलावरून दिसायचं तर उभं कुठं राहायचं? गच्चीच्या कठड्याशी? घाटाच्या पायऱ्यांवर, पांढरं लुगडं वाऱ्यावर धरून?... त्या मनातल्या मनात एकेक जागा धुंडाळू लागल्या, आणि पुलावरून बघावं तर कुठल्याही जागी उभी असलेली ती पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी त्यांना काही केल्या दिसेना.