पाटी उलटी असली की घर भरलेलं

मित्रांनो, मी पत्र्याची पाटी हाय. आता पार गंजून गेले, पण जल्म माझा गोड्या तेलाच्या डब्यातून झाला. पूर्णा टेसनाजवळ दगडाबाई राहती. तिचा नवरा रेल्वेत खलाशी होता. रिटायर झाला तवा त्यानं घरामागं एक खोली बांधली, डबा कापून मला ठोकून सपाट केलं आन् तांबड्या रंगानं लिवलं, 'खोली किरायानं देणे आहे.' बायकोला म्हणला, "मी न्हाई राहिलो तर ही खोली तुला पोसंल." वरीसभरात गेलाच की त्यो.

माझं नशीब उलटं हाय बगा. सुलटी टांगली की खोली रिकामी. भिंतीकडं तोंड केलं की घर भरलेलं. सहा वर्सं मी भिंतीकडं तोंड करून होते, आन् तेच माझे सुखाचे दिवस. खोलीत रेणुका राहायची, दवाखान्यातली नर्स. ती दगडाबाईच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकायची, वरून रागवायची बी.

दगडाबाई म्हणायची, "किरायादार कसली, उरावर बसलेली लेक हाय ही."

"मग मावशी, किराया माफ कर."

"लेकीला बी फुकट न्हाई!"

मग एक दिवस पुतण्या आला, गोपीचंद. "काकू, रस्त्याचं मोठं काम निघायलंय. कंपनीचे साहेब लोक यायलेत, दुप्पट किराया देतेत. समदी गल्ली खोल्या खाली करायली. तूच बस जुन्या भावात!"

दगडाबाईनं दोन दिवस बोटांवर हिशेब मांडला. तिसऱ्या दिवशी तिनं रेणुकाला खोली सोडायला सांगितलं.

"मावशी, साहेब न्हाई आले तर?"

"तर तू हाईसच की."

रेणुका हसली न्हाई. "मी काय पाटी हाय व्हय, काढली आन् टांगली?"

महिना भरायच्या आत ती सामान घेऊन गेली. दगडाबाईनं मला सुलटी केली.

कंपनीनं मुक्काम टाकला दुसऱ्याच गावाला. आमच्या गल्लीत माझ्यासारख्या अकरा पाट्या लटकल्या. दुप्पट सोडा, निम्म्यात बी कुणी विचारंना. शेवटी दगडाबाई लाज गिळून रेणुकाच्या नव्या खोलीवर गेली. परत आली ती उंबऱ्यातच बसली.

गोपीचंदनं विचारलं, "काय म्हणली? येती का?"

"न्हाई येत. चहा दिला तिनं. कपबशीत दिला रं, पाव्हणीला देतेत तसा."

"जाऊ दे काकू. बाजार लय पडलाय, खोली इकून टाकू."

दगडाबाई पदरानं डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, बाजार चढतो, बाजार पडतो. कुणाच्या बापाला कळलाय त्यो? पण दारातलं माणूस तर वळखू येतं का न्हाई? त्याला सांभाळा. खोली खाली कर म्हणायच्या आधी त्याच्यासंगं एकदा जेवायला बसा. मग बी तुमच्या तोंडून त्यो शब्द निघाला, तर खुशाल मला टांगा.