भुशाचं पिंप

पार्वतीबाय कोळीण दुकानात शिरली ती बोंबलांची माळ नाचवतच.

"दत्ताराम, हे बघ! वालत घातलेलं बोंबील हाय की तलायला रव्यात घोललेलं?"

दत्तारामने रंधा मशीन बंद केलं आणि माळ हातात घेऊन पाहिली. खोटं बोलायची सोयच नव्हती. प्रत्येक बोंबलाला सागाचा भुसा चिकटला होता.

गिरणी संपात बुडाली तशी कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातल्या या फिटरने खारदांड्याच्या कडेला पत्र्याची शेड घेऊन सुतारकामाचं दुकान थाटलं होतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटायचा आणि दुकानातला सगळा भुसा उचलून थेट किनाऱ्यावर, पार्वतीबायच्या वलांड्यांवर, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवांवर, नेऊन टाकायचा.

"सकालचं मशीन बंद ठेव," ती म्हणाली.

"मशीन नाय बंद होणार. भुसा बंद करतो."

"वाऱ्याला कोन पकरनार रे?"

"वाऱ्याला कशाला? मी भुशाला पकडतो. गिरणीत आयुष्यभर कापसाची धूळ ओढणारी मशिनं सांभाळली गे बाय. ह्यां काय मोठां काम हा?"

कुर्ल्याच्या भंगारातून त्याने लोहाराच्या भट्टीचा जुना ब्लोअर आणला. रंध्याच्या तोंडाला पत्र्याचा पाइप जोडला, पाइप ब्लोअरला, आणि ब्लोअरच्या पुढे बायकोने, सुगंधाने, शिवून दिलेली मांजरपाटाची लांबलचक पिशवी. बटन दाबलं. पिशवी टम्म फुगली. सुगंधा टाळी वाजवणार तोच पिशवी पाइपावरून सटकली आणि भुसा ओकत दुकानभर नाचली. नवराबायको दोघंही भुशाने माखली.

"लागली वाट," सुगंधा पदराने तोंड पुसत म्हणाली.

"वाट कसली? ओढतंय बघ किती झकास! पिशवीला भार झेपत नाय, एवढंच."

गिरणीत धुळीची हवा तळघरातल्या मोठ्या खोलीत सोडायचे, ते त्याला आठवलं. ऐसपैस जागा मिळाली की हवा सुस्तावते आणि जड माल आपसूक खाली बसतो. खोली कुठून आणणार? त्याने पत्र्याचं मोठं पिंप आणलं. पाइप पिंपाच्या कुशीत तिरका घातला, म्हणजे हवा आत कडेकडेने गरगरेल आणि छिलका तळाला पडेल. झाकणाच्या मधोमध दुसरा पाइप बसवून तो ब्लोअरला नेला. झाकणाच्या फटी सायकलच्या ट्यूबने बुजवल्या. पिशवीत आता जायची ती फक्त बारीक धूळ.

पिशवीचं तोंड मात्र पार्वतीबायने बांधलं. दत्तारामची गाठ बघून तिला राहवेना. "हो बाजूला. असली गाठ मारली तर होरी वाहून जाईल," असं म्हणत तिने जाळ्याच्या दोरीचे असे फास आवळले की दत्तारामने ओढून पाहिलं तरी हलेनात.

"उद्या बोंबील वाळत टाक," तो म्हणाला. "सगळे टाक. मी सकाळीच सागाच्या फळ्या रंधायला घेतो."

"सगले नाय. एक वलांडी टाकीन."

"सगळे टाक, बाय."

सकाळी वारा चांगला भरात होता. सगळ्या वलांड्या भरल्या होत्या. दत्तारामने एकामागून एक फळी मशीनमध्ये सारली. पिशवी फुगलेली, फास घट्ट, पिंपात छिलक्याचा खळखळाट. दाराबाहेर डोकावून बघायचा मोह त्याने एकदाही केला नाही. भुसा बाहेर जात नाही, हे त्याला माहीत होतं.

पार्वतीबाय आली तेव्हा तिच्या हातात एकच बोंबील होता. त्यावरून तिने बोट फिरवलं, बोट चाटलं.

"खारट लागते," ती म्हणाली. "निसता खारट."

दत्ताराम मोठ्याने हसला. त्याने मशीन थांबवून पिंपाचं झाकण काढलं. पिंप जवळजवळ भरलं होतं. तिने आत हात घालून मूठभर भुसा चाचपला. कोरडा, स्वच्छ.

"याचा काय करशील?"

"टाकून देणार."

"येरा हायेस काय? आम्ही बरफ भुशात पुरून ठेवतो. होरी येईपर्यंत ईरघलत नाय. ह्यो मला दे."

"ने की. पण रोज पिंप रिकामं करायचं काम तुझं."

"करीन. मला काय भार वाटतो?"

टोपली भरून डोक्यावर घेत ती दाराबाहेर पडली, आणि दत्तारामने पुढची फळी उचलली.