मागचं डावं चाक

जुनी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा मिस्त्री चहा पीत होता. बाईंनी काच खाली केली. त्या काही बोलायच्या आधीच जळका वास त्याच्यापर्यंत पोचला. त्याने पेला बाकावर ठेवला, मागे जाऊन डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"पुन्हा?"

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "ताईकडे जाऊन आले. चढावर तर वाटत होतं, मागून कुणीतरी दोरी बांधून धरलंय."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती गावाबाहेर टेकडीवरच्या वृद्धनिवासात राहायची. त्या रस्त्याला बस नव्हती. नवरा गेल्यापासून बाईंचं मनातलं बोलणं आठवड्यातून एकदा तिथेच व्हायचं. एरवी शेजारणीशी दारातल्या दारात दोन शब्द आणि परगावी राहणाऱ्या मुलाचा फोन. त्या मुलानेच कालच्या फोनवर बजावलं होतं की, पुन्हा वास आला आणि या खेपेलाही बिघाड सापडला नाही तर गाडी काढून टाकायची. जळक्या वासाची गाडी घेऊन आईने एकटीने टेकडी चढायची, हे त्याला मान्य नव्हतं.

मिस्त्रीने कामात कसूर केली नव्हती. पहिल्या खेपेला त्याने गाडी चालवत आत घेतली आणि मागची बाजू जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं. ते मोकळं फिरलं. ब्रेकचा ड्रम उघडला, आतले लायनर पाहिले, स्प्रिंगा ओढून पाहिल्या. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला असेल आणि ऑइल अडवून धरत असेल, असं धरून तो बदलला. उजव्या बाजूची हँडब्रेकची केबल जरा ढिली दिसली होती, पण ढिल्या केबलने चाक कसं अडणार, म्हणून ती तशीच ठेवली. मग स्वतः गाडी चालवून आला. चाक थंडगार. दुसऱ्या खेपेला त्याने स्प्रिंगा आणि चाकातला सिलिंडर बदलला. पुन्हा चालवून आला. पुन्हा थंडगार.

"काकू, तुमच्या गाडीचं काही खरं नाही," तो आता म्हणाला. "माझ्या हातात आली की गुणाची, तुमच्या हातात गेली की अंगात येतं तिच्या."

"म्हणजे दोष माझ्यात?"

"मी गाडीबद्दल बोलतोय."

"कळतं मला, कुणाबद्दल बोलताय ते."

त्याला खरोखरच एक संशय होता, पण वयाने मोठ्या बाईला तोंडावर विचारणं जड जात होतं. काही लोक ब्रेकवर नकळत पाय ठेवून चालवतात. अर्थात तसं असतं तर पुढची चाकंही तापली असती, आणि ती तापलेली नव्हती. तरी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

"आज मी नाही चालवत," तो म्हणाला. "चाक निवू द्या. मग तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

चाक निवेपर्यंत बाई बाकावर बसून राहिल्या. चहा नको म्हणाल्या. मग दोघे गाडीत बसले. बाईंनी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला आणि क्षणभर थांबल्या. मान जराशी त्याच्याकडे वळली. दार नीट लागलं नसेल असं वाटून त्याने ते पुन्हा ओढून घेतलं. बाई निघाल्या.

गाडी जडपणे चालू लागली. मिस्त्रीने बाईंच्या पायांकडे पाहिलं. पाय अगदी जिथल्या तिथे. ब्रेकजवळही जात नव्हते. इतकं स्वच्छ चालवणारं माणूस त्याच्याकडे क्वचितच यायचं. पायांवरची नजर वर आणताना मध्ये दोन सीटांमधला दांडा दिसला. जेमतेम दोन दाते वर. त्याने हात घालून तो खाली केला. गाडीने एकदम पुढे उसळी घेतली.

"हं," बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. घरातल्या माणसाला म्हणावं तसं. पुढच्याच क्षणी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"हँडब्रेक लागलेला होता, काकू."

"तो ह्यांचा होता," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने दांड्यावरचा हात काढून घेतला.

"ह्यांची नजर अधू. गाडी कधी चालवता आली नाही. मी शिकले तेव्हा चढावर गाडी मागे जायची, घाबरायचे मी. हे म्हणाले, तू पाय सांभाळ, दांडा माझ्याकडे. लावायचे हेच, काढायचे हेच. काढला की म्हणायचे, 'सोडला'. मग मी निघायचे. पुढे सगळं आलं मला, पण दांडा ह्यांच्याकडेच राहिला. गाडीतली त्यांची सत्ता काय ती तेवढीच."

"आणि आता लावतं कोण?"

"मीच. घरासमोर उतार आहे. एकदा गाडी आपली आपण फाटकाला जाऊन टेकली, तेव्हापासून आठवणीने लावते."

"आणि काढतं कोण?"

बाई दांड्याकडे बघत राहिल्या.

"समोरचा हँडब्रेकचा लाल दिवा दिसला असता तुम्हाला," मिस्त्रीच घाईने म्हणाला, "पण तो गेलाय. मीही बघितला नाही. आणि मी गाडीत बसलो की पहिला हात दांड्यावरच जातो. काढला हेही कळत नाही. म्हणजे दोन्ही वेळा बिघाड मीच दुरुस्त केला आणि मग ड्रम उघडून शोधत बसलो. उजवी केबल ढिली, म्हणून सगळी ओढ डाव्या चाकावर. पाइप, सिलिंडर, सगळं उगाच बदललं."

बाईंना हसू आलं नाही. "मुलाला काय सांगू? विसरायला लागली म्हणेल. किल्ली काढून घेईल."

"मी बोलतो त्याच्याशी. केबल अडकत होती म्हणतो. केबलमध्ये दोष आहेच की थोडा."

"नको." त्यांनी पर्समधून फोन काढला. "उद्या खरंच काही बिघडलं तर माझं कोण ऐकेल मग?"

मुलाला त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग फोन कानाला धरून बसल्या. मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागला.

"आई," मुलगा म्हणाला, "मी मागे बसायचो. 'सोडला' म्हटलं की दप्तर घट्ट धरायचो. आता म्हणतं कोण?"

"कुणी नाही."

"मग तू म्हण."

"एकटीने? वेडी म्हणतील मला."

"ऐकायला आहे कोण?" तो म्हणाला, आणि बहुतेक त्याचं त्यालाच कसंतरी झालं, कारण पुढचं तो भरभर बोलला. "तो दिवा लावून घे आधी. आणि मावशीकडे पोचलीस की चाकाला हात लावून मला सांग. थंड असेल तर राहू दे गाडी."

मिस्त्रीने दिवा बदलला, उजवी केबल आवळली, दोन्ही चाकं फिरवून पाहिली. पुढच्या आठवड्यात बाई टेकडीवर निघाल्या. घरासमोरच्या उतारावर गाडी सुरू केली तेव्हा लाल दिवा लागलेला होता. त्यांनी दांडा खाली केला. दिवा विझला. शेजारच्या सीटवर मिस्त्रीचं विसरलेलं फडकं पडलं होतं. त्यांनी शब्द ओठांपर्यंत आणला, पण तो त्यांचा नव्हता. न बोलताच निघाल्या.

चढावर गाडी हलकी चालली. वृद्धनिवासाच्या दारात उतरून त्या मागे गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि डाव्या चाकावर तळवा ठेवला. थंड होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी मुलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कामात असेल. त्या थोडा वेळ तशाच हात ठेवून वाकून राहिल्या. मग सीटवरच्या त्या फडक्याला हात पुसून ताईकडे आत गेल्या.