जिन्याचं वळण

मी सुतार. शाळेचा जिना माझ्याच हातचा, आणि त्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. म्हणून दवाखान्यातली सिस्टर जेव्हा म्हणाली की तुमच्या आईला एकदा स्ट्रेचरवरून वर नेऊन बघू, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी मोजलंय, म्हटलं, आरामात जातं.

समुद्र आमच्या गल्लीत दरवर्षी थोडा जास्तच आत यायला लागलाय. वादळात वस्तीला आसरा एकच, शाळेचा वरचा मजला. आई तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. ती वेळेत वर पोचली नाही तर काय होईल, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण तालमीचं नाव काढताच आईने तोंड फिरवलं. चारचौघांत तमाशा नको म्हणाली.

सिस्टरने वाद घातला नाही. ऐन भरतीच्या दुपारी, गल्लीत गुडघाभर पाणी असताना, ती स्वतःच स्ट्रेचरवर आडवी झाली. आईपेक्षा दोन किलो जास्तच भरेन, म्हणाली. मी, भाऊ आणि दोघं शेजारी, अशा चौघांनी उचललं.

वळणावर घोळ झाला. मी मोजलं होतं ते रिकामं स्ट्रेचर. उचलणाऱ्यांची कोपरं हिशेबात धरलीच नव्हती. भावाचा हात कठड्यात अडकला, स्ट्रेचर कलंडलं आणि बाई चार पायऱ्या गडगडत खाली. तिचं मनगट मोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा चेहरा पांढराफटक, पण नजर कठड्यावर.

"बरं झालं, आजच कळलं," ती म्हणाली. "हा कठडा उघडता येईल असा करता?"

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. दोन दिवसांत मी कठडा कापून बिजागऱ्यांवर बसवला. असली बाई मी जन्मात बघितली नाही.

तीन आठवड्यांनी सकाळीच वादळाचा इशारा आला. कठडा उघडला आणि आई स्ट्रेचरवरून एका दमात वर पोचली. खिडकीतून बघतो तर आमच्या घरात पाणी शिरत होतं. मी आईजवळ मटकन बसलो आणि चक्क रडलो.

सिस्टर प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून यादी बघत होती. उचलून आणायची अजून तिघं खाली होती. मला आईजवळून उठवणं तिच्या जिवावर आलं असावं, कारण ती एका हातानेच स्ट्रेचर ओढायला लागली. आईने मला चांगल्या हाताने ढकललं.

"माझं झालं," ती म्हणाली. "खाली अजून कुणाची तरी आई आहे."

मी उठलो आणि सिस्टरच्या हातातून स्ट्रेचर घेतलं.