सोळा फुटांचा प्रवाह

शनिवारी सकाळी प्रेमिलाबाईंनी घरामागच्या पोहायच्या तलावावरचं निळं झाकण गुंडाळलं. पाणी पांढरं झालं होतं. कालपर्यंत तळाच्या फरशीची रेघन्‌रेघ दिसायची, आज पाण्यात उतरायची पहिली पायरीही दिसेना.

आणि उद्या सकाळी आठ वाजता कॉलनीचे सेक्रेटरी मनोहरराव पाहणीला येणार होते. त्यांच्याकडे महापालिकेला द्यायचं पत्र टाईप करून तयार होतं. मे महिना, नळ दिवसाआड तासभर, आणि ही बाई आपल्या हौसेपायी दर आठवड्याला तलाव रिकामा करून नवा भरते. हिचं नळाचं कनेक्शन कापा, असं त्या पत्रात होतं. पाच सह्या लागत होत्या, तीन झाल्या होत्या. उरलेल्या दोघांना घेऊन ते येणार होते. कनेक्शन कापलं की तलाव संपला.

तलाव म्हणजे काही नदी नव्हे. घरामागच्या रिकाम्या जागेत पत्र्याच्या शेडखाली सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीइतकं खोल टाकं. समोरच्या भिंतीत जाळीमागे मोठा पंखा. बटण दाबलं की तो पाणी अंगावर ढकलतो आणि आपण त्या ओढीविरुद्ध हात मारत राहायचं. पुढे जायचं नाही, मागेही हटायचं नाही. प्रेमिलाबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली, म्हणजे चौतीस वर्षं उभ्याने काढली. गुडघ्यांनी जाब विचारला, एकाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. सार्वजनिक तलावावर आठ दिवस गेल्या. काठावरची पोरं ‘आजी, बुडाल’ म्हणून खिदळायची. नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपलं पाणी आपल्या दारात आणायचं. आणलं. कॉलनीत माणसाने दुसरी गाडी घेतली की पेढे वाटतात. बाईने पाणी घेतलं तर ती हौस.

बरं, हौस कशी सांभाळली ते कोणी पाहिलं नाही. वॉर्डात पेशंटच्या खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकतो तसा त्यांनी शेडच्या दाराला तक्ता टांगला होता. रोज सकाळी नळीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकायचे, रंग पाहायचा, क्लोरीन किती, आम्लता किती, तक्त्यावर मांडायचं. दर रविवारी फिल्टर बाहेर काढून त्याची घडीन्‌घडी धुवायची. केसाला तेल असलं तर पाण्यात पाय ठेवायचा नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. पंचेचाळीस डिग्रीत पाणी उडू नये म्हणून पोहणं झालं की लगेच झाकण. दोन वर्षं दोन महिने तेच पाणी होतं. आठवड्याला चार-पाच बादल्यांची भर, बस.

आणि ते पाणी आज असं! फिल्टरच्या दाबाचा काटा लालात गेला होता. मोटर कण्हत होती. त्यांनी आधी तिचं बटण बंद केलं.

मागे खुर्चीत त्यांची आई बसली होती, बायजाबाई, ब्याऐंशी वर्षांची. ती तलाव सोडून सगळीकडे बघत होती.

“माय, तू पाण्यात काही टाकलं का?”

“मी काहून टाकू?”

“माय.”

“तुरटी फिरवली जराशी. काल सांजेले.”

“जराशी म्हणजे किती?”

“दोन डल्ले. फडक्यात बांधून.” बायजाबाईने दोन्ही हातांनी नारळाएवढा आकार दाखवला.

प्रेमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. गावाकडे माठातलं, रांजणातलं गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवतातच. पण रांजणातला गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी आपण घेतो. इथे मोटर चालू होती. गाळ बसायच्या आधीच ढवळला गेला, त्याचा साका झाला आणि सगळा फिल्टरमध्ये जाऊन अडकला.

“काहून पन, माय? पाणी चांगलं नितळ होतं ना!”

“लोकं पाहाले येऊन राहिले ना उद्या,” म्हातारी जमिनीकडे बघत म्हणाली. “आमच्या गावात मी घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राहो. कोणी वरून ओतलं तर घ्याचं. आपला हात लागला का पाणी बाटे. आता आपल्या घरचं पाणी पाहाले ते येतीन, अन् एकजन बी मळकं म्हनन, तं मले सहन नाई होनार.”

भिवापूरकडच्या त्या गावात आता घरोघरी नळ आहेत. पण म्हातारीच्या हातातली घागर अजून खाली ठेवलेली नाही, हे प्रेमिलाबाईंना तेव्हा कळलं.

शेडसमोरच्या बाल्कनीतून शेजारच्या वंदनाताईंनी हाक मारली, “काय वं प्रेमिला, खाली करून राहिली का तलाव?”

सोपं तर तेच होतं. सगळं पाणी गटारात सोडायचं आणि दोन टँकर बोलवायचे. उद्या पाणी चकाचक, आणि मनोहररावांचं पत्र खरं.

“एक थेंब नाई जानार!” प्रेमिलाबाई ओरडल्या.

मग कामाला लागल्या. फिल्टर काढून धुतला. तुरटीने पाणी आंबट झालं होतं, म्हणून धुण्याचा सोडा मोजून कालवला. मग मोटर बंद ठेवून पाण्याला दुपारभर हात लावला नाही. चार वाजेपर्यंत गाळ तळाशी बसला, विरजलेल्या दह्यासारखा. तेव्हा त्या पाण्यात उतरल्या आणि नळीचं तोंड तळावर अगदी सावकाश फिरवू लागल्या, नवजात बाळाचं नाक साफ करताना फिरवतात तसं. नळीचं दुसरं टोक बाहेर ड्रमवर. ड्रमच्या तोंडावर बायजाबाईचं जुनं सुती लुगडं चार पदरी बांधलेलं. गाळ लुगड्यावर, पाणी ड्रममध्ये, आणि कूलरच्या पंपाने तेच पाणी परत तलावात. लुगडं तुंबलं की बायजाबाई घडी सरकवायची. दिवेलागणीपर्यंत मायलेकी काम करत होत्या. गुडघे ठणकत होते, पण एकदाही थांबल्या नाहीत.

रविवारी आठ वाजता मनोहरराव आले. सोबत वंदनाताई आणि मनोहररावांचा पुतण्या रोशन, जिममध्ये पोरांना शिकवणारा, दंड फुगवून चालणारा.

पाणी पाहून मनोहरराव हसले. तळाची रेघन्‌रेघ दिसत होती.

“वा! इतकं स्वच्छ? म्हणजे कालच भरलं. पुरावा अजून कोणता पाहिजे?”

घाण असतं तर घाण म्हणून मारायचं, स्वच्छ आहे तर चोरीचं म्हणून मारायचं. प्रेमिलाबाईंनी ड्रम पुढे ओढला. लुगड्यावर बोटभर जाडीचा पांढरा गाळ होता.

“हा गाळ नळाच्या नव्या पाण्यातून निघाला का, भाऊसाहेब? हात लावून पहा.”

मनोहररावांनी हात लावला नाही. पण वंदनाताई मध्ये पडल्या, “ते खरं आहे पन. काल दिवसभर मी बाल्कनीतच होती. अन् तासाभराच्या नळानं येवढा तलाव भरन का? टँकरच लागन, अन् दोन वर्सांत हिच्या दारात टँकर आला नाई. आला असता तं मले दिसला नसता का?”

हे मात्र कोणी नाकारू शकत नव्हतं. वंदनाताईंच्या नजरेतून कॉलनीतलं मांजरही सुटत नसे.

मनोहररावांनी घसा खाकरला. “पाण्याचं ठीक आहे. पण प्रेमिलाताई, या वयात, एकट्या बाईमाणसानं, असे कपडे घालून… कॉलनीत सभ्य लोक राहतात.”

“आत्ता बोलले तुम्ही!” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “पाण्याची काळजी नव्हतीच तुम्हाला. पाण्यात कोण आहे, तिथे दुखत होतं. मग पत्रात ते लिहायचं होतं ना? नळाच्या आड काहून लपले?”

रोशनला वातावरण हलकं करायचं होतं. “जाऊ द्या ना, काकू. हे काय पोहणं आहे का? जागच्या जागी हातपाय मारणं.”

“तं तू राह्यना जागच्या जागी,” बायजाबाई खुर्चीतून म्हणाली. “उतर, गा. दिसू दे.”

आता माघार घेतली तर जिममध्ये तोंड दाखवायची सोय नव्हती. रोशन साबण लावून आंघोळ करून, हाफपँटवर उतरला. प्रेमिलाबाईंनी पंखा रोजच्या वेगावर लावला, एक खूणही जास्त नाही. रोशनने पाच-सहा जोरदार हात मारले. सातव्या हाताला तो मागे सरकला, आणि पाण्याने त्याला पोत्यासारखा उचलून मागच्या भिंतीला टेकवला. पुन्हा पुढे आला, पुन्हा भिंत. वंदनाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“काकू, बंद करा!”

“मी रोज चाळीस मिनिटं करते, बाबू,” प्रेमिलाबाईंनी बटण बंद केलं. “ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं.”

रोशन धापा टाकत वर आला आणि म्हणाला, “काका, मी सही नाही करणार.” वंदनाताईंनीही मान हलवली.

मनोहररावांनी पत्राची घडी खिशाकडे नेली. “ठीक आहे. मग तुम्ही लिहून द्या, की पाणी वाया घालवणार नाही.”

“मी नाही. तुम्ही लिहून द्या.” प्रेमिलाबाईंनी पेन पुढे केलं. “याच कागदाच्या मागे. पाहणी केली, पाणी वाया जात नाही, तक्रार खोटी. तिघांच्या सह्या.”

मनोहररावांनी रोशनकडे पाहिलं, वंदनाताईंकडे पाहिलं. कोणीच त्यांच्या बाजूला नव्हतं. ड्रमच्या कडेवर कागद टेकवून त्यांनी लिहिलं. सह्या झाल्या.

“मले वाचता येत नाई,” बायजाबाई म्हणाली. “वाचून दाखव.”

मनोहररावांनी पुटपुटत वाचलं.

“असं नाई,” म्हातारी काठी टेकत उभी राहिली. “मोठ्यानं वाच, गा. मांगच्या गल्लीपर्यंत गेलं पायजे.”

आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.