खांबाआडची उज्वला

"हिचं तोंड कुठं गेलं?" यशोदाबाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

सावळीरामनं चष्मा वर सरकवला. मांडवाच्या खांबाशी एक बाई पोर कडेवर घेऊन उभी होती, आणि तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. मूळ कॅसेटवर तोंड होतं. पुसट, पण होतं.

पंचवटीतलं त्याचं दुकान एके काळी लग्नाच्या शूटिंगवर चालायचं. आता लोकांच्या बुरशी धरलेल्या कॅसेटी मोबाइलवर चढवून द्यायच्या, एवढंच काम उरलं होतं. हरसूलहून पहिल्या एसटीनं यशोदाबाई घेऊन आल्या ती कॅसेट तर त्यानंच बावीस वर्षांपूर्वी काढलेली. लग्न यशोदाबाईंचं. खांबाशी उभी त्यांची थोरली बहीण उज्वला, कडेवर वर्षाची निकिता. पुढच्याच वर्षी उज्वला तापानं गेली. मागे फोटोसुद्धा राहिला नाही. निकिताला मावशीनंच वाढवलं, आणि उद्या तिची हळद होती.

"तिला तिची आई दावायची हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "तिच्या मोबाइलचं मेमरी कार्ड गुपचूप काढून आणलंय. तिचे नर्सिंगचे धडे हायेत त्यात, तेवढे पुसू नका."

धडे ठेवून कार्डात जागा उरत होती चिमूटभर, आणि लग्न तीन तासांचं. सावळीराम समजावू लागला, "हे बघा, कॉम्प्युटर जागा वाचवतो. जे हलत नाही ते मागच्या चित्रातून उचलतो. अंधारातलं बारीकसारीक सपाट करून टाकतो. वाचलेली जागा मग उजेडातल्यांना. नवरीला, बँडला."

"मंग त्या दिवशीबी तसंच झालं होतं," यशोदाबाई म्हणाल्या. "तिचा नवरा जाऊन चारच महिने झालेले. पुढं यायचं नाय म्हणून घरच्यांनी बजावलं होतं तिला. मी नवरी. मी तरी काय बोलणार?"

सावळीरामनं चित्र खांबाशी थांबवलं. मग म्हणाला, "तिचा तेवढाच तुकडा कापून देतो. लख्ख येईल."

"नको. आख्खं लग्न द्या. आई माणसांत होती, हे कळू दे पोरीला."

"मग कुणाची तरी जागा काढून तिला द्यावी लागेल. तुमचं तोंड खराब होईल."

"माझं तोंड ती रोज बघती."

सावळीराम कामाला लागला. उज्वला जिथं जिथं दिसेल तिथं तिच्या तोंडाभोवती चौकट आखायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, इथं काटछाट नको. बाकी कसंही चालेल. बाई चार पावलं सरकली की चौकटही सरकवायची. दुपार झाली. यशोदाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली.

अक्षतांच्या आधीचा भाग आला आणि सावळीरामचा हात थांबला. बँड बघून निकिता हसते म्हणून उज्वला जरा पुढं आली होती, तिच्या तोंडावर पहिल्यांदाच उजेड पडला होता. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एक तरणा, घाईचा आवाज आला, "ओ ताई, बाजूला व्हा जरा. मध्ये येताय."

उज्वला खांबाआड गेली.

आवाज त्याचाच होता. त्या काळात असं तो दर लग्नात दहा जणांना म्हणायचा, त्याला आठवायचंसुद्धा कारण नव्हतं. त्यानं यशोदाबाईंकडे न बघता विचारलं, "इथला आवाज काढून टाकू? थोडी जागा वाचेल."

"तुमीच ना ते?"

"हो. चुकलं माझं."

यशोदाबाईंनी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर नवरी म्हणजे नुसता हळदीच्या रंगाचा ठिपका झाली होती. खांबाच्या कडेनं मात्र उज्वला स्वच्छ दिसत होती, पदरानं पोरीचं नाक पुसत.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्या आख्ख्या दिवसात तिला ताई म्हणून तुमीच हाक मारली."

सावळीरामनं आवाज ठेवला. कार्ड कागदात गुंडाळून दिलं, आणि यशोदाबाईंनी ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.